पालथी टॅबिथा

विल्फ्रेड हेपलस्टन जन्मभर वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरीला होता. आमच्या खोऱ्यातल्या एकाही खाटकाला, कोळसेवाल्याला किंवा पबवाल्याला त्याने सुखाने जगू दिलं नाही. ग्लासातली बिअर रेघेच्या खाली आहे हे त्याला दारातूनच दिसायचं. तरी तो आत येऊन पट्टी लावायचा, कारण नजरेवर त्याचा विश्वास नव्हता, स्वतःच्यासुद्धा. निवृत्त होताना खात्याने त्याला घड्याळ भेट दिलं. ते मागे पडतं, असं त्याने दुसऱ्याच दिवशी खात्याला लेखी कळवलं.

असल्या माणसाला कवितेचं वेड लागेल असं कुणाला वाटलं असतं? त्याच्या बायकोला, मेव्हिसला, तर मुळीच वाटलं नव्हतं. मेव्हिस माझी शेजारीण आणि मैत्रीण. मी एनिड टॅटर्सल. ग्रिम्सडेनच्या चढावर माझं लोकरीचं दुकान होतं आणि त्यामागेच घर. आमच्या दोन घरांमध्ये झुडपांचं कुंपण होतं. त्याची माझ्याकडची बाजू विल्फ्रेड मला न विचारता छाटायचा, कारण ती त्याला वाकडी दिसायची.

वेड लागलं ते चॅपलच्या जुन्या सामानाच्या विक्रीत. मोडक्या टोस्टरखाली त्याला एक पुस्तक मिळालं: 'स्वर्गसोपान, बारा सर्गांत', लेखिका टॅबिथा सगडन, मुक्काम ग्रिम्सडेन, साल १८६४. राणी व्हिक्टोरियाच्या काळात आमच्या देशात जो पाद्री नव्हता तो कवी होता, आणि बरेच जण दोन्ही होते. तेव्हा गावात एखादी कवयित्री निघाली यात नवल काहीच नव्हतं. टॅबिथा ही थडग्यांचे दगड घडवणाऱ्या सगडनची मुलगी. लग्न केलं नाही, बापाच्या कारखान्यातच राहिली, आणि तेव्हाच्या व्हिकरने, म्हणजे चर्चच्या पाद्र्याने, कौतुकाने तिचं पुस्तक छापून दिलं. ते कुणी वाचलं नाही. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"एनिड," विल्फ्रेड कुंपणावरून म्हणाला, "नऊ हजार ओळी! मी मोजल्या. आणि एकीचंही माप चुकलेलं नाही."

"छान आहेत का पण?" मी विचारलं.

"अगं, नऊ हजार आहेत," तो म्हणाला.

मग त्याने मला तिथेच, कात्री हातात धरून, पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या:

हे दिव्यद्युतिधारक, देदीप्यमान देवदूतवृंदा,
दाखव दीनांस द्वार ते, दवडुनि दुरितद्वंद्वा!

हे असं बारा सर्ग. मी म्हटलं, "फारच रंजक."

तिथेच मी चुकले. आमच्याकडे 'फारच रंजक' म्हणजे 'देवा, मला इथून उचल' हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. विल्फ्रेडलाही कळत होतं, पण त्याने ते शब्दशः घ्यायचं ठरवलं. महिन्याभरात त्याने चर्चच्या हॉलमध्ये सभा बोलावली. मंडळ काढावं का, असं त्याने विचारलं. आमच्या गावात कुणाच्या तोंडावर 'नको' म्हणणं हा गुन्हा नाही, पण तो कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. व्हिकर कॉलिन पिम म्हणाले, "कल्पना रंजक आहे." खाटीक अर्नी बूथ म्हणाला, "माझी काही हरकत नाही." मी चहा ठेवायला आत गेले होते. बाहेर आले तर टॅबिथा सगडन स्मरण मंडळाची चिटणीस झाले होते.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत, टॅबिथाच्या जयंतीला, त्या गारठलेल्या हॉलमध्ये वाचन व्हायचं. विल्फ्रेड उभा राहून, पूर्वी दंड सुनावायच्या आवाजात, सर्गामागून सर्ग वाचायचा. सगळं गाव यायचं. का यायचं? अर्नी मला चहाच्या भांड्यापाशी गाठून म्हणायचा, "व्हिकरना बरं वाटावं म्हणून येतो गं. त्यांची फार श्रद्धा आहे त्या बाईवर." व्हिकर हळूच म्हणायचे, "एनिड, अर्नीसारखा माणूस एवढ्या गोडीने ऐकतो, मग मी नाही आलो तर बरं दिसेल का?" मी दोघांचं ऐकून घ्यायचे आणि दोघांना चहा द्यायचे. दुसऱ्या सर्गात अर्नीचे डोळे मिटायचे. त्याची बायको शेजारणीला सांगायची, "तो डोळे मिटूनच ऐकतो."

मेव्हिस मात्र एकदाही आली नाही. "माझे गुडघे," ती म्हणायची. त्याच गुडघ्यांनी ती सेलच्या दिवसांत लीड्सची दुकानं पालथी घालून यायची. मी एकदा तिला टोकलं तर म्हणाली, "टॅबिथा मरून सुटली. तू वर्षातून एकदा ऐकतेस. मी घरात रोज ऐकते, अंड्यांबरोबर. ह्या बाईच्या देवदूतांनी माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडलंय, आणि एकजण भांडी घासायला हात लावेल तर शपथ!"

एका वर्षी मी खरंच वैतागले होते. सँडविचं मी करायची, खुर्च्या मी मांडायच्या, आणि शेवटी आभारही मीच मानायचे. मी कुंपणावरून स्पष्ट विचारलं, "विल्फ, अरे कुणासाठी चाललंय हे सगळं?"

त्याने कात्री खाली ठेवली. "एनिड, माझ्यामागे काय राहणार? पोर ना बाळ. लोक म्हणतील, एक होता, पट्टी घेऊन फिरायचा. टॅबिथाला बाहेरच्या एका तरी जाणत्या माणसाने कवी म्हणावं, आणि तिला हेपलस्टनने शोधलं असं कुठेतरी एका ओळीत छापून यावं. एक ओळ. मग मी सुटलो."

मला त्याची कीव आली. राग जास्त आला, कारण त्यानंतर मला चिटणीसपद सोडता येईना.

तो विद्यापीठांना पत्रं लिहीत राहिला. उत्तरं यायची, सगळी रंजक. आणि एके वर्षी चक्क एक बाई यायला तयार झाल्या. डॉक्टर फिलिपा सँडिफोर्ड. व्हिक्टोरियाच्या काळातल्या विसरलेल्या कवयित्रींचा मोठा संग्रह त्या तयार करत होत्या. टॅबिथा त्यात बसते का, ते बघायला त्या जयंतीलाच येणार होत्या.

गावात एकदम हालचाल सुरू झाली. हॉलच्या खिडक्या पुसल्या. अर्नीने सँडविचांसाठी हॅम फुकट पाठवलं, आणि विल्फ्रेडने ते तोललं नाही, एवढा तो हवेत होता. मेव्हिसने त्याची कॉलर कडक इस्त्री केली आणि स्वतःही टोपी घालून निघाली.

"गुडघे?" मी विचारलं.

"आज त्याचा निकाल आहे," ती म्हणाली. "आपटलाच तर घरी कोण आणणार त्याला?" आणि ती मागच्या रांगेत दाराजवळ बसली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. लाल कोट, पायात दणकट बूट, बोलायला गोड. पहिला सर्ग त्यांनी मान हलवत ऐकला. दुसऱ्यात मान हलायची थांबली. देवदूतांची तिसरी पलटण आली तेव्हा त्यांनी खिशातून मोबाईल काढला, 'महत्त्वाचा आहे' अशी खूण केली आणि बाहेर गेल्या. ग्रिम्सडेनमध्ये मोबाईलला रेंज नाही. हॉलमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. विल्फ्रेड वाचत राहिला, पण त्याचा आवाज खाली आला होता आणि डोळे दाराकडे होते.

मी खिडकीपाशी होते, त्यामुळे मला दिसलं. डॉक्टरबाई चर्चच्या आवारात यूच्या झाडामागे लपून सिगरेट ओढत होत्या. मग त्या वाकल्या. सिगरेट टाकली. गुडघ्यांवर बसून कसलं तरी शेवाळ नखांनी खरवडायला लागल्या. परत आल्या तेव्हा कोटाला चिखल, चेहरा लाल, आणि तळहातावर पेनाने काहीतरी लिहून आणलेलं.

"माफ करा," त्या सर्गाच्या मधोमध म्हणाल्या. "त्या झाडामागच्या थडग्यावर ज्या ओळी आहेत, त्या कुणाला माहीत आहेत का?"

कुणालाच माहीत नव्हत्या. त्या झाडामागे कोण कशाला जातंय? त्यांनी तळहात समोर धरून वाचलं. खाली कुणा विहीर खणणाऱ्या माणसाला पुरलेलं होतं.

जन्मभर खणल्या विहिरी याने गावाच्या परसात,
पाणी लागलं की वर यायचा, ओलाचिंब, हसत.
ही शेवटची जरा खोल आहे, घाई करू नका;
पाणी लागलं की येईल वर. दोर काढू नका.

अर्नीचे डोळे सताड उघडे होते. "बाई," तो म्हणाला, "परत एकदा वाचता?" त्यांनी परत वाचलं. अर्नीने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "माझा आजा विहिरीच खणायचा." कुणीही 'रंजक' म्हणालं नाही.

"दगडाच्या तळाशी, गवताखाली, बारीक अक्षरात कोरलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "'ओळी: टॅ. सगडन.' मिस्टर हेपलस्टन, तुमची टॅबिथा बापाच्या कारखान्यात बसून थडग्यांसाठी ओळी लिहीत होती! हे 'स्वर्गसोपान' तिने व्हिकरला खूश करायला लिहिलं असणार. तिकडे देवदूत, आणि इकडे विहीरवाला. तुम्ही खरोखर एक कवयित्री शोधून काढलीत. माझ्या पुस्तकात तिला वेगळा विभाग देते. आणि प्रस्तावनेत पहिलं नाव तुमचं."

विल्फ्रेडच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतका तो सुखावला होता. वीस वर्षांनी तरुण दिसत होता.

"आता बाकीचे दगड दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढं जुनं चर्च, एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं. पण मला बाहेर नुसतं गवत दिसलं. थडगी कुठे आहेत?"

इथे मला थोडं मागे जायला हवं. त्या वेळी आमच्या भागात नीटनेटक्या गावांची स्पर्धा व्हायची. दरवर्षी बक्षिसाची ढाल शेजारच्या हॅलबी गावाला. हॅलबीची माणसं बाजारात भेटली की मुद्दाम विचारायची, "काय, यंदा तरी केर काढलात का?" परीक्षकांचा आमच्याबद्दल एकच शेरा असायचा: आवारातली थडगी तिरकी झाली आहेत, त्यामुळे गवत कापायचं यंत्र सरळ चालत नाही, कडा वाढलेल्या दिसतात. मग ज्या साली, म्हणजे सहासष्टला, इंग्लंडने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला त्या साली गावच्या कौन्सिलने ठराव केला आणि सगळी थडगी उपटली. निम्म्या दगडांची फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत फरसबंदी केली, उरलेले ज्याला हवे त्याने नेले. कुणी अंगणात घातले, कुणी पायरी केली. आणि सगळे पालथे घातले, अक्षरं खाली. मेलेल्या माणसाचं नाव पायाखाली येणं बरं नव्हे, एवढी सभ्यता आमच्यात आहे. आम्ही नाव तुडवत नाही. आम्ही ते उलटं करतो आणि मग तुडवतो. यूच्या झाडामागे यंत्र जात नव्हतं, म्हणून तेवढा एक दगड राहिला.

ढाल आम्ही जिंकली. ती हॉलच्या भिंतीवर, विल्फ्रेडच्या डोक्याच्या बरोबर वर, अजून टांगलेली होती. तिच्यावर त्या वर्षीच्या आवार सुधार समितीच्या तरुण, उत्साही अध्यक्षाचं नाव होतं: डब्ल्यू. हेपलस्टन.

सगळा हॉल त्या ढालीकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होता.

"दगड... म्हणजे... हलवले गेले," व्हिकर म्हणाले.

"कुणी हलवले?"

"काळाच्या ओघात," व्हिकर म्हणाले.

"तेव्हा दगड फरसबंदीला वापरायची पद्धतच होती," अर्नी म्हणाला. "सगळीकडेच."

"आणखी चहा कुणाला?" मी म्हणाले.

"म्हणजे एका कवयित्रीचं सगळं आयुष्य कुणीतरी उपटून रस्त्यात गाडलं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि त्या गाढवाचं नाव इथे कुणालाच आठवत नाही?"

आठवत नव्हतं. हॉलमधल्या एकूण एक माणसाला त्या क्षणी आठवत नव्हतं. मला माझ्या गावाचा पुष्कळ वेळा संताप येतो, पण त्या दिवशी मला ती माणसं फार आवडली. विल्फ्रेडने फक्त गप्प बसायचं होतं. त्याला हवी असलेली एक ओळ त्याच्या हातात आली होती. गप्प बस, मी मनात म्हणत होते, मेल्या, एवढा एक दिवस गप्प बस.

त्याने पुस्तक मिटलं. "मी," तो म्हणाला. "ठराव माझा होता. कोणता दगड कुठे जाईल ते मी ठरवलं, आणि आखायची दोरीही मीच धरली होती."

डॉक्टरबाईंचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला. "मिस्टर हेपलस्टन, मला तसं म्हणायचं नव्हतं—"

"तुम्हाला तसंच म्हणायचं होतं, बाई. आणि माप बरोबर आहे."

"पण तुम्ही ते दगड... वाचले नाहीत का तेव्हा?"

"वाचले. सगळे वाचले. मापं घ्यायची होती ना." तो ढालीखाली उभा होता आणि पहिल्यांदाच त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. "कुणी विहीरवाला, कुणी दूधवाला, कुणाची आई. वाचलं की कळत होतं. लगेच कळत होतं. म्हणून मला ती कविता वाटली नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतून मेव्हिस उठली. "विल्फ," ती म्हणाली, "कोट घाल. घरी चल."

पुढचं सगळं ग्रिम्सडेनला शोभेल असंच झालं. दगड पालथे घातल्यामुळे अक्षरं ऊन-पावसापासून वाचली होती, काही तर काल कोरल्यासारखी ताजी होती. डॉक्टरबाई आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी राहिल्या. फरसबंदी उखडावी का, यावर कौन्सिलने उपसमिती नेमली, आणि दगड पुन्हा उभे केले तर यंत्र सरळ चालेल का, एवढ्या एकाच प्रश्नावर ती वसंतापासून पानगळीपर्यंत बसली. शेवटी दगड भिंतीला टेकवून ठेवायचं ठरलं. लोकांनी आपापल्या अंगणांतले दगड आणून दिले. अर्नीच्या सॉसेजच्या यंत्राखाली एक शाळामास्तर निघाला. आठवण म्हणून विकायला भांडी पुसायची फडकी छापली गेली, त्यांच्यावर विहीरवाला. ज्यांनी बारा वर्षं हॉलमध्ये घोरून काढली ते आता पाहुण्यांना सांगू लागले की टॅबिथाची थोरवी त्यांना पहिल्यापासून जाणवली होती. मंडळाचे अध्यक्ष आता व्हिकर झाले. विल्फ्रेडने राजीनामा दिला होता, आणि तो स्वीकारताना सगळ्यांनी फार खेद व्यक्त केला.

डॉक्टरबाईंनी त्याला कळवलं की प्रस्तावनेत त्याचं नाव ठेवायचं ठरलंच आहे. त्याने उलट कळवलं: शोधलं आणि पालथं घातलं, दोन्ही छापा, नाहीतर काहीच छापू नका. प्रकाशकाला ते जरा अवघड वाटलं. प्रस्तावनेत 'स्थानिक रहिवाशांचे आभार' एवढंच आलं.

सगळ्यात शेवटी उरला तो हेपलस्टनांच्याच मागच्या दाराचा दगड. लहानसा होता. सहासष्टच्या त्या गडबडीत उरलेल्यांपैकी एक विल्फ्रेडनेही आणला होता, स्वयंपाकघरातून बाहेर पडायची पायरी म्हणून. मेव्हिस त्याच्यावर उभी राहून कपडे वाळत घालायची. डॉक्टरबाई गुरुवारी शेवटचे फोटो काढायला येणार होत्या, म्हणून मंगळवारी सकाळी त्याने दोन पहारी काढल्या आणि मला हाक मारली. मी एका बाजूने रेटलं, त्याने दुसऱ्या बाजूने उचललं. दगड उलटला. मेव्हिस बादली आणि ब्रश घेऊन आली, आणि तिनेच तो धुतला, जसा ती बटाटा धुते तसा, न बघता. मग अक्षरं वर आली आणि तिचा हात थांबला.

कुणा बॅराक्लफ कुटुंबाचं बाळ होतं. ते कुटुंब कधीच कॅनडाला निघून गेलेलं. नावाची जागा कोरीच होती. विल्फ्रेडने चष्मा लावून वाचलं. त्याचा तो दंड सुनावायचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला होता. हा तो नव्हता.

नाव शोधता शोधता राहिलं,
टोपडं विणता विणता.
आई, दार पुरतं लावू नको गं,
मी निजेन ऐकता ऐकता.

त्या दोघांना एक मूल झालं होतं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. गेलेलंच जन्मलं. त्या काळी तसं मूल आईला दाखवत नसत. नर्स टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली ती गेलीच. मुलगा की मुलगी, तेही तिला कुणाचं तरी बोलणं कानावर आलं म्हणून कळलं. कुठे पुरलं ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची रीत नव्हती. हे मेव्हिसने मला एकदाच सांगितलं होतं, आणि त्यावर मी 'अरेरे' म्हणून चहा केला होता. विल्फ्रेडच्या तोंडून तर तो विषय कधीच निघाला नाही.

"परत वाच," मेव्हिस म्हणाली.

त्याने वाचलं. तिने ओल्या हाताने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हा असा उघडा ठेवला तर किती दिवस राहील?"

"दगड मऊ आहे," तो म्हणाला. "पावसाने झिजेल. आपल्या डोळ्यांदेखत नाही, पण झिजेल."

"आणि पालथा?"

"पालथा राहील."

"मग पालथा घाल."

"मेव्हिस, गुरुवारी ती बाई येतेय. अगं, तिने एवढे दगड बघितले, पण हा... टॅबिथाने याच्याइतकं चांगलं काहीच लिहिलेलं नाही. मला आता कळतं थोडंफार."

"मलाही कळतं," मेव्हिस म्हणाली. "मी काय दगड आहे? घाल पालथा, विल्फ."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी अजून मंडळाची चिटणीस होते, आणि मंडळाच्या घटनेत, जी त्यानेच लिहिली होती, टॅबिथाची ओळ न् ओळ जगापुढे आणण्याचं कलम पहिलं होतं. मी म्हटलं, "मला दगडांतलं काय कळतं? मी लोकरवाली बाई." आणि माझ्या बाजूची पहार उचलली.

दगड परत बसवला. त्याने पाणसळ लावून बघितली नाही. मेव्हिसने त्यावर पाऊल ठेवलं नाही, बाजूने आत गेली आणि आम्हाला दोघांना टोस्ट करून दिले. टोस्ट करपले होते. आम्ही निमूट खाल्ले.

गुरुवारी डॉक्टरबाई आल्या. फोटो काढून झाल्यावर निघताना त्यांनी विचारलं, "मिस्टर हेपलस्टन, आणखी एखादा कुठे राहिला असेल का हो? लहान मुलांवरचा एकही मिळाला नाही मला."

"लहान मुलांचे दगड पातळ होते," विल्फ्रेड म्हणाला. "उचलतानाच फुटले. आता काही राहिलेलं नाही." आयुष्यभर ज्याने थेंबाची खोट चालू दिली नाही, तो हे त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला.

पुस्तक निघालं, गाजलं. टॅबिथाच्या ओळी आता कॉलेजात शिकवतात म्हणे. प्रस्तावनेत डॉक्टरबाईंनी दोन पानं एका कोड्यावर खर्च केली आहेत. जिने गावातल्या प्रत्येकासाठी लिहिलं, तिने तान्ह्या मुलासाठी एकही ओळ का लिहिली नसेल? त्यांचा निष्कर्ष असा की टॅबिथा अविवाहित होती, तिला मूल नव्हतं, त्यामुळे ते दुःख तिच्या आवाक्याबाहेरचं असावं. मी ती पानं मेव्हिसला वाचून दाखवली. ती हातातलं विणकाम न थांबवता म्हणाली, "फारच रंजक."

आता दोघंही नाहीत, म्हणून हे सांगायला हरकत नाही. पण ती होती तोवर, ऐन जानेवारीत, खोऱ्यातून बर्फाचं वारं सुटलेलं असतानासुद्धा, त्यांचं मागचं दार पुरतं लागलेलं मी कधी बघितलं नाही. बोटभर फट असायची. आत विल्फ्रेड कोट आणि मफलर घालून जेवायला बसलेला असायचा.